दोन फूट कमी

मी पुलाजवळचा खांब बोलतोय. ऐकायचं असेल तर थांबा, नसेल तर चालू लागा. आर्जवं करायची सवय मला नाही.

खांब म्हणतात, पण जन्मानं मी रूळ. आगगाडीखाली जन्मभर आडवं पडायचं, एवढंच माझं ठरलेलं. टोकाला जरा वाकडा निघालो म्हणून नापास झालो. कारखान्यामागच्या राशीत चार वर्षं गंजलो. मग कुणीतरी उचलून आणलं, नदीच्या तळात खोल पुरलं आणि म्हणाले, उभा राहा. राहिलो. शाळा म्हणाल तर एक ते पस्तीस आकडे. त्यापुढचं मला येत नाही, आणि आजवर लागलंही नाही.

ते आकडे माझ्या अंगावर कोरले मोजणीदारानं. नदीचं पाणी किती फूट चढलं ते बघून वर कळवायचं, ही त्याची नोकरी. खालचे होडीतून, वरचे शिडीवरून, छिन्नीनं नऊ दिवस ठोकत होता. प्रत्येक आकड्याला एक शिवी घातली, पण चुकला एकही नाही.

पुलाच्या ह्या तोंडाशी नदीला लागून एक गल्ली आहे. तिथल्या लोकांनी माझ्यावरून एक रीत पाडली. आपल्या उंबऱ्याला पाणी लागतं तेव्हा खांब किती दाखवतो, तो आकडा ज्यानंत्यानं चौकटीवर लिहून ठेवला. हळूहळू माणसांची नावंच मागे पडली. एकोणीसवाले, बाविसातली काकू, पंचवीसवाला न्हावी. लग्नं जमवतानाही आधी आकडा विचारायचे. "मुलगा काळा असला तरी चालेल, पण अठरात पोरगी देणार नाही," असं एक बाई पुलावर उभी राहून म्हणालेली मी ऐकलंय.

मोजणीदार स्वतः चोवीसमध्ये राहायचा. तीस वर्षं रोज सकाळी येऊन माझ्याकडे बघून गेला. मग त्याला झटका आला आणि एक बाजू गेली. सहा वर्षं खाटेवर पडून होता. मुलगा बाहेरगावी नोकरीला, घरात सून आणि हा. आकडा सांगायचं काम न्हाव्यानं घेतलं. त्याचं दुकान पुलाच्या तोंडाशीच. पाणी चढायला लागलं की तासातासाला ओरडायचा, आणि तो आकडा दारोदार गल्लीच्या टोकापर्यंत जायचा.

आता माझ्या चेहऱ्याचं सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात पुलाची डागडुजी निघाली आणि मला रंग द्यायला एक रंगारी आला. पायथ्याशी गाळ साचून माझे खालचे दोन फूट गाडले गेले होते. वर दिसणारा पहिला आकडा तीन. रंगाऱ्यानं डोकं खाजवलं. स्वतःशीच म्हणाला, "तीनपासून सुरू होतो? कुठल्या शहाण्यानं कोरलंय हे!" आणि माझं भलं केलं. जुने आकडे पुट्टीनं बुजवले, पांढराशुभ्र रंग मारला, आणि गाळापासून नव्यानं काळ्या रंगात एक, दोन, तीन काढले. साहेब आले, "वा, चकाचक!" म्हणाले, फोटो काढून गेले.

तेव्हापासून मी दोन फूट कमी सांगतो. माझं मला कळतं. पण तोंड दुसऱ्यानं लिहिलेलं असलं की बोलणार काय?

त्याच सुमाराला पाण्याचा अंदाज फोनवर यायला लागला. वरच्या धरणाशी यंत्र बसवलंय, ते आधीच सांगतं, संध्याकाळी इतके फूट येणार. पावसाळ्यात दोन-तीनदा लोकांनी ताडून बघितलं. फोन म्हणे पंधरा, मी तेरा. फोन म्हणे सतरा, मी पंधरा. न्हाव्यानं सगळ्यांना समजावलं, "फोन दोन फुटांनी घाबरट आहे. तो सांगेल त्यातनं दोन वजा करायचे." गल्ली हसली. तेव्हापासून सगळे वजा करायचे. शाळा शिकलेलेसुद्धा.

मग तो दिवस आला. वर डोंगरात तीन दिवस पाऊस कोसळला होता. इथे मात्र ऊन. दोरीवर कपडे वाळत होते. आणि त्या उन्हात नदी चढत होती, आवाज न करता. एक दरवाजा वाहत आला, उभाच्या उभा, कुलूप लावलेला. माझ्यापाशी जरा थांबला, अंगाला टेकला, जसं आत यायचं का विचारतोय, आणि पुढे गेला. त्यामागून एक मांजर आलं, पाटीत बसलेलं. माझ्याकडे टक लावून बघत गेलं. ओरडलं नाही.

फोनवर आलं, संध्याकाळी सत्तावीस. लोकांनी दोन वजा केले. पंचवीस.

"म्हणजे माझ्या उंबऱ्याच्या पाया पडून परत जाईल," न्हावी म्हणाला. "वहिनी, तुमच्याकडे फार तर फूटभर. म्हाताऱ्याची खाट विटांवर चढवा, झालं."

बाविसापर्यंतच्या घरांतले सगळे पाणी यायच्या आधीच वरच्या आकड्यांच्या घरी जाऊन बसले. सुनेनं खाट विटांवर चढवली. अडीच फूट उंच. खरे सत्तावीस आले तर त्या घरात तीन फूट पाणी होणार होतं, आणि खाटेवरच्या माणसाला कूससुद्धा बदलता येत नव्हती. हे मला माहीत होतं. मी चकाचक उभा होतो.

दुपारी न्हावी ओरडला, "वीस!"

दारोदार वीस गेलं. चोवीसच्या खिडकीतून घोगरा आवाज आला, "खोटं!"

मोजणीदाराला खाटेवरून नदी दिसत नव्हती. पण ऐकू येत होती. पुलाच्या कमानीखालून जाताना पाणी घोंगावतं. कमान पूर्ण बुडाली की घोंगावणं बंद होतं. त्या क्षणी ते बंद झालं होतं. सगळ्या गल्लीला वाटलं, नदी शांत झाली.

"कमान मिटली," तो सुनेला म्हणाला. "कमान बाविसाला मिटते. हा भादरणारा वीस कसं म्हणतो?"

"मामंजी, खांबावर वीसच आहे. मी बघून आले."

"खांबावर काहीही असू दे. माझे कान अजून मेलेले नाहीत. जा, नीट बघ जा."

ती पुलावर आली. तेवढ्यात एक मोठा ओंडका माझ्यावर येऊन आदळला आणि अंग घासत गेला. रंग सोलला, पुट्टी निघाली. एकवीसचा काळा आकडा अर्धा राहिला आणि त्याच्या पोटातून दुसरा आकडा वर आला. तेवीस. छिन्नीचा. बाई कठडा धरून खाली वाकली. पाणी त्याच्या खाली चार बोटं.

"अहो, आत दुसरे आकडे आहेत!" ती न्हाव्यावर ओरडली. "मामंजींच्या हातचे! दोन जास्त आहेत!"

"वहिनी, गंज आहे तो. गंजात काय, देवसुद्धा दिसतो. अजून वेळ आहे, उगाच गल्ली घाबरवू नका."

ती धावत सुटली. बाजारातले दोन हमाल गाठले, सासऱ्याला खाटेसकट उचलून आणलं. निघताना उंबरा ओला झाला होता, आणि न्हावी ओरडत होता, "बावीस!"

पुलाच्या मध्यावर म्हातारा म्हणाला, "थांबवा." सहा वर्षांनी त्यानं मला पाहिलं. मान वळत नव्हती, डोळे तेवढे वळवले.

"ह्याला दुसऱ्याचं तोंड लावलंय," तो म्हणाला. "चला."

त्यानंतर गल्लीत पाय ओले व्हायला लागले तरी कुणी निघेना. चोवीसवाले उंबऱ्यावरच्या पाण्यात उभे राहून माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, अजून बावीसच आहे की. न्हावी आपल्या दुकानाच्या दारात होता. चौकटीवर पंचवीस लिहिलेलं. पाणी चौकटीला लागलं, मग आत गेलं, त्याच्या घोट्यावर आलं. तो एकदा पायाकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. आणि ओरडायचा, "तेवीस!" पुन्हा पायाकडे. "तेवीस!" तो आवाज त्याचा नव्हता. आतून कुणीतरी दुसराच ओरडत होता.

मग तो आत वळला. दुकानातून वस्तरा घेतला आणि पुलाच्या कडेच्या पायऱ्या उतरून माझ्यापाशी आला. मांड्यांपर्यंत पाण्यात उभा राहिला, एक हात माझ्या खांद्यावर टाकला, आणि गिऱ्हाइकाची दाढी करावी तसा वस्तरा चालवला. हळू, कातडी न कापता. पांढरा रंग फेसासारखा पाण्यात पडला. चोवीसच्या खालून सव्वीस निघाला.

तोंड गल्लीकडे करून त्यानं आयुष्यात ओरडला नसेल इतक्या मोठ्यानं आरोळी ठोकली, "सव्वीस! सव्वीस! मी खोटं सांगितलं रे, पळा!"

आणि गल्ली पळाली. पोरं, म्हाताऱ्या, कोंबड्या, सगळं पुलावरून पलीकडे. घरं तशीच उघडी. शेवटची बाविसातली काकू पुलावरून गेली तोपर्यंत तो मला धरून ओरडत होता. मग पाण्याच्या ओढीनं हात सुटला. कधी सुटला ते मला कळलं. पुलावर कुणाला कळलं नाही, ते पुढे बघून पळत होते.

संध्याकाळी सत्तावीस आले. बरोबर सत्तावीस.

आता गाळ उपसलाय. तोच रंगारी परत आला होता. ह्या वेळी डोकं खाजवलं नाही. जुने आकडे शोधून त्यांवरूनच काळा रंग ओढला. सव्विसापाशी वस्तऱ्याचे ओरखडे आहेत, ते तेवढे बुजवायला त्याचा हात धजला नाही. मोजणीदाराला मुलाकडे बाहेरगावी नेलं. जगला की गेला, मला कुणी सांगितलं नाही. गल्लीत माणसं आहेत, पण पाणी चढलं की तासाला ओरडायला कुणी तयार होत नाही. सगळे आपापल्या उंबऱ्यात बसतात आणि पाण्याकडे बघतात.

माझं मागणं एवढंच. पुन्हा कधी मी नवाकोरा, चकाचक दिसलो तर फोटो काढू नका. खाली उतरा आणि नख लावून बघा. पाणी पायाशी आलं असेल आणि मी अजून वेळ आहे म्हणत असेन, तर पायाचं ऐका. मी खांब आहे. जे लिहाल ते सांगेन.