न उघडणारं झाकण आणि मी

ओळखा पाहू, मित्रांनो! पाच बोटं आहेत, पण नख एकही नाही. हरलात? मी एक जुना हिरवा रबरी हातमोजा आहे, उजव्या हाताचा.

कारखान्यात चिनी मातीचा हात रबरात बुडवला, वाळवला, खसकन ओढलं, की झालो मी! वाटलं, आता जग गाजवणार. कसलं काय! आमची जोडी थेट एका सरकारी कचेरीच्या कपाटात. पिकांवर मारायच्या औषधांना परवाना द्यायचा की नाही, ते तिथे ठरतं. एकीकडे फायदा, दुसरीकडे धोका आणि मधोमध कचेरीच्या मोठ्या बाई.

गंमत ऐका. प्रत्येक फायलीत माझं नाव! 'फवारणारा हातमोजे घालेल असे धरले आहे.' कागदावर मी हजारो हातांत. प्रत्यक्षात सात वर्षांत माझ्यात शिरलं ते फक्त एक झुरळ.

एकदा टोमॅटो पोखरणाऱ्या अळीवरचं नवं औषध आलं. जुन्याच्या आठ फवारण्या लागायच्या, याच्या दोनच. आकडेमोड करणारे चष्मेवाले काका म्हणाले, "बाई, हातमोजे धरले तर धोका मर्यादेत बसतो."

"धरले कुणी? मामांना बोलवा," बाई म्हणाल्या.

मामा म्हणजे तीस वर्षं लोकांच्या शेतात फवारणी करणारा माणूस. औषधाच्या कंपनीच्या बाटलीत नुसतं पाणी भरलं आणि मी कपाटाबाहेर! आयुष्यात पहिल्यांदा पोटात उबदार हात! काय सांगू!

"रोज उघडता तशीच उघडा," बाई म्हणाल्या.

झाकण बारकं, गुळगुळीत. मामांनी फिरवलं, मी घसरलो. पुन्हा फिरवलं, पुन्हा घसरलो. मग मामांनी सवयीनं माझं मधलं बोट दातात धरलं, सर्रकन मला काढलं आणि उघड्या हातानं झाकण उघडलं.

"अहो मामा, तोंडात!" काका किंचाळले.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. खरं औषध असतं, तर विष मामांच्या तोंडाशी मीच नेलं असतं!

"मोजे काढू नका, असं लेबलवर लिहिलंय ना!" कंपनीचे साहेब चिडले.

"लेबलानं झाकण उघडत नाही ना, साहेब. तुम्हीच दाखवा उघडून," मामा म्हणाले.

साहेबांनी मला चढवलं. घाम फुटला, कान लाल झाले. झाकण ढिम्म! बाईंनासुद्धा हसू आवरेना.

काकांनी उघडा हात धरून पुन्हा हिशोब केला. धोका मर्यादेच्या चौपट. "बाई, नामंजूर करायला लागेल."

मामांचं हसू मावळलं. "असं नका करू, बाई. आठच्या जागी दोन फवारण्या म्हणजे माझे केवढे हाल वाचतील. औषध हवंय मला. पण हातही हवेत."

बाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. "साहेब, झाकण बदलून आणा. मामांनी मोजा घालून उघडलं, तरच परवाना."

तीन महिन्यांनी रुंद, खाचांचं झाकण आलं. मामांनी मला चढवलं. सगळे श्वास रोखून. मी खाचांत बोटं रोवली, आणि कट्ट! उघडलं! काकांनी अशी टाळी वाजवली की चष्माच पडला.

बाईंनी परवान्यावर सही केली आणि आमची जोडी मामांनाच देऊन टाकली. मग काय धमाल केली आम्ही! काम झालं की मामा आधी आम्हाला साबणानं धुणार, मगच काढणार. दात लावायचे नाहीत!

काल मामांनी माझ्यात पाणी भरून बघितलं. अंगठ्यापाशी थेंब गळला. "चल गड्या, सुट्टी झाली तुझी," म्हणाले, आणि नवा मोजा काढला.

मित्रांनो, फाटका मोजा कुणाला घालू देऊ नका. आणि 'असे धरले आहे' असं कुणी म्हणालं ना, की बेधडक विचारा, "झाकण उघडून बघितलंत का?"