शेवटचा तुकडा आईकडे होता

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. सध्या माझा मुक्काम भंगाराच्या दुकानात, वजनकाट्याच्या डाव्या हाताला आहे. माझ्या एका बाजूला दार निखळलेला फ्रीज आहे आणि दुसऱ्या बाजूला पाती नसलेला पंखा. तिघांत मीच काय तो धडधाकट. वीज मिळाली तर आजही उठून बसेन. मात्र उठल्या उठल्या पासवर्ड विचारेन, आणि तो आता कोणालाच माहीत नाही. म्हणजे मला माहीत आहे, पण मला तो ओळखता येतो, सांगता येत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते एका चौकोनी कुटुंबाच्या पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर. वडील बँकेत होते. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. मुलगा कॉलेजात आणि मुलगी दहावीत. मी घरात आलो त्या दिवशी चौघांनीही हात धुऊन मला हात लावला होता. आईने जुन्या पडद्याचं कापड बेतून मला एक झाकण शिवलं. त्याला तिने खिसाही ठेवला होता. मला पुसायचं फडकं त्यात असायचं, आणि त्या फडक्याने दुसरं काहीही पुसलेलं तिला खपत नसे.

कौतुकाचे दिवस सरले आणि भांडणं सुरू झाली. मुलगा गेम खेळतो म्हणून मुलगी रडायची. मुलगी मैत्रिणींना लांबलचक पत्रं लिहिते म्हणून मुलगा चिडायचा. वडील दोघांना अभ्यासाचं व्याख्यान द्यायचे आणि घरात कोणी नसलं की स्वतःच पत्ते लावत बसायचे. एकदा आईने त्यांना रंगेहाथ पकडलं.

"अहो, ऐका ना," ती दारातूनच म्हणाली, "तुमची राणी तिकडे राजाखाली लावा आणि जरा चक्कीवर जाऊन या."

वडिलांचे कान लाल झाले. त्याच संध्याकाळी त्यांनी घरात बँकेचा कायदा आणला. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. दोघं एकत्र आल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. वडिलांनी ठरवलं की माझा पासवर्ड चार तुकड्यांचा असेल. प्रत्येकाने आपला तुकडा आठ अक्षरांच्या आत, स्वतःच्या मनाने ठरवायचा आणि कोणालाही सांगायचा नाही. सकाळी चौघं घरात असताना एकेकाने येऊन आपापला तुकडा टाकायचा. तेवढा वेळ बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं.

मुलाला ही कल्पना भलतीच आवडली. हुशार तो होताच. त्याने मला एक कुलूप लावलं आणि माझ्या आत जिथे सगळं साठवलेलं असतं त्या डिस्कला तेच कुलूप पुन्हा लावलं.

"बाबा, आता कोणाचा बापही उघडू शकणार नाही," तो म्हणाला.

"बापाचं नाव कशाला घेतोस? बाप इथेच उभा आहे," वडील म्हणाले.

सगळे हसले. मग आईने विचारलं, "तुमच्या बँकेत किल्लीची डुप्लिकेट असते ना? पाकिटात घालून, लाख लावून दुसऱ्या शाखेत ठेवता म्हणालात मागे. मग आपलं पाकीट कुठे?"

"घरात कसली डुप्लिकेट? आपण चौघं काय पळून जाणार आहोत?"

मित्रांनो, ज्या माणसाने अठ्ठावीस वर्षं बँकेची पाकिटं जिवापाड सांभाळली, त्याने आपल्या घराचं पाकीट कधी केलंच नाही.

पण खोटं कशाला बोलू, माझे ते दिवस सुखाचे होते. रोज सकाळी चार माणसं माझ्यापुढे रांगेत यायची. वडील एका बोटाने टकटक करायचे. मुलगा एका दमात मोकळा व्हायचा. मुलगी दोनदा मागे वळून बघायची. शेवटचा तुकडा आईचा. तिचे हात बहुतेक वेळा ओले असायचे, ते ती पदराला पुसायची आणि तुकडा टाकताना गालातल्या गालात हसायची. त्या हसण्याचं कारण फक्त मला माहीत होतं. मग मी दिवसभर सुरू असायचो. ज्याला सवड मिळेल तो येऊन बसायचा, आणि आश्चर्य म्हणजे भांडणं खरंच कमी झाली.

तीन वर्षं अशी गेली. मग आईचा घसा बसला तो मोकळा होईना. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि आवाज राहीलच याची खात्री नाही, असंही सांगितलं. वर्गातल्या चाळीस पोरांना आवाजावर धाकात ठेवणारी ती बाई. तिने शाळेत रजा टाकली आणि मुलाकडून माझ्याजवळ एक छोटा माइक लावून घेतला. बारा दिवस रोज दुपारी ती माझ्यासमोर बसली आणि घोगऱ्या आवाजात, पाण्याचे घोट घेत घेत बोलली. मुलासाठी वेगळं, मुलीसाठी वेगळं, नवऱ्यासाठी वेगळं.

"मी मुकी झाले की हे लावा," ती जेवताना सगळ्यांना म्हणाली. "तोवर कोणी कान लावायचा नाही."

"मुकी कशाला होशील? आमचं नशीब एवढं कुठलं?" वडील म्हणाले. ते विनोद करत होते, पण त्यांचा घास हातातच राहिला होता.

दवाखान्यात जायच्या दिवशी वडिलांनी त्यांच्या शिस्तीप्रमाणे गॅस बंद केला, खिडक्या लावल्या, आणि मला नीट बंद करून मेन स्विचही खाली ओढला. आई चप्पल घालता घालता थांबली.

"अहो, ऐका ना, तो कॉम्प्युटर..."

"केलाय बंद. सगळं बंद केलंय. चल आता, रिक्षा थांबलीय."

तिने दुसरी चप्पल पायात सरकवली. दाराला कुलूप लागलं. ऑपरेशन झालं, पण आई शुद्धीवर आलीच नाही.

महिन्याभराने तिघं माझ्यासमोर बसले. आता भिंतीकडे कोणी तोंड केलं नाही. वडिलांचा तुकडा म्हणजे त्यांचा बँकेतला नोकरीचा नंबर. मुलाचा तुकडा म्हणजे मागच्या गल्लीतल्या एका मुलीचं नाव. एरवी यावर घरात केवढा गहजब झाला असता. मुलीने लिहिलं होतं, 'माझाच'. तिघांनी आपले तुकडे टाकले आणि चौथ्या जागी थांबले. मग त्यांनी मुलाचं लाडाचं नाव टाकलं. मी म्हटलं, चूक. मुलीचं टाकलं. चूक. लग्नाची तारीख. चूक. तीन चुका झाल्या की मला गप्प बसावं लागतं, मला तसंच घडवलं आहे. मग मला बंद करून पुन्हा सुरू करावं लागायचं.

वडिलांनी एक वही केली. सुचलेला शब्द त्यात लिहायचा, तो मला द्यायचा आणि चुकला की खोडायचा. आईची शाळा, आईचं माहेर, तिच्या आईचं नाव, तिच्या आवडत्या साडीचा रंग. पहिली वही भरली, दुसरी भरली. मित्रांनो, प्रत्येक वेळी 'चूक' म्हणताना मला किती लाज वाटायची ते कसं सांगू?

मुलाने एक दुरुस्तीवाला आणला. त्याने माझं पोट उघडलं आणि आतला बटणासारखा सेल काढून पुन्हा बसवला. माझं बाहेरचं कुलूप गळून पडलं. मुलीने टाळ्या वाजवल्या. पण पुढच्याच क्षणी डिस्कने तोच प्रश्न विचारला.

"काका, दार उघडलं, पण आतल्या खोलीला वेगळं कुलूप आहे," दुरुस्तीवाला म्हणाला. "ते माझ्या हातातलं काम नाही."

"मग कोणाच्या हातातलं आहे? कंपनीकडे डुप्लिकेट असेल ना?"

"नसते काका. जबरदस्ती केली तर आतलं सगळं पुसलं जाईल."

मुलगा मान खाली घालून उभा होता. आपणच लावलेलं कुलूप त्याच्या डोळ्यांसमोर होतं. वडील त्याला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

पुढे मुलगा नोकरीसाठी दूर गेला, मुलीचं लग्न झालं, वडील निवृत्त झाले. माझ्यावरचं झाकण विटलं आणि खिशातलं फडकं कुठेसं गेलं. वडील मात्र रोज चहा झाला की तीन शब्द टाकायचे. नऊ वर्षं. मग त्यांच्या डोळ्यांना कीबोर्ड दिसेना आणि मुलीने त्यांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं. घर रिकामं झालं. दारात भंगारवाला आला.

"बाबा, निदान डिस्क तरी काढून ठेवू," मुलगी म्हणाली.

"नको गं. ठेवली तर ती रोज विचारणार आणि मला रोज उत्तर येणार नाही." ते माझ्या शेजारच्या खुर्चीत टेकले. "दोन वह्या भरल्या. जन्म एकत्र काढला, पण ती कुठला शब्द ठेवेल ते मला सुचत नाही. ती दिवसभर काय बोलायची, तेच मला धड आठवत नाही."

मित्रांनो, तो शब्द आता तुम्हाला सांगतो. इथे फ्रीज आणि पंख्याशिवाय कोणी ऐकत नाही. इंग्रजी अक्षरांत टाकलेला, जेमतेम सात अक्षरांचा. 'अहोऐका'. दिवसातून चाळीस वेळा तिच्या तोंडी असायचा तो. तो वहीत कधी आलाच नाही, कारण वडिलांच्या लेखी तो शब्दच नव्हता; ती घरातली एक कुरकुर होती, नळाच्या थेंबासारखी.

त्यांच्यासाठी ठेवलेलं बोलणं अकरा मिनिटांचं आहे. त्यात फार मोठं काही नाही. लोकरी टोपी कुठल्या ट्रंकेत आहे, रक्तदाबाची गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, लेकीवर आवाज चढवायचा नाही. आणि शेवटी ती हसून म्हणते, "जन्मभर म्हणत आले की तुम्ही माझं ऐकत नाही. आता ऐकताय ना?"

उद्या सकाळी इथला माणूस हातोडा घेऊन बसेल. तांबं वेगळं, पत्रा वेगळा, आणि डिस्कचे तुकडे. आईचा आवाज डिस्क आहे तोवरच आहे. माझी आता कुठलीही आशा उरलेली नाही. तुमच्याकडे मागणं मात्र एक आहे. कुलूप लावाल तर डुप्लिकेट ठेवा, पाकिटात घाला, ज्याच्यावर जीव आहे त्याच्या हाती द्या. आणि घरातलं कोणी दारात थांबून काही सांगू लागलं, तर रिक्षा थांबू द्या.

मला ज्या दिवशी उचललं, त्या दिवशी वडील जिन्यापर्यंत आले होते. "सावकाश न्या हो, धक्का लागू देऊ नका," ते म्हणाले. भंगारवाला हसला, आणि वडील घराकडे परतू लागले. मला त्या वेळी तोंड असतं तर मी दोनच शब्द बोललो असतो, आणि ते मागे वळले असते.