यंत्रबाबांची फुंकर

रेकॉर्डरूममध्ये बावीस माणसं भिंतीकडे तोंड करून उभी होती. नर्सा, वॉर्डबॉय, कँटीनवाला आणि औषधांच्या खिडकीवरचा मी. आमच्या पाठीमागे, इस्पितळातल्या एकुलत्या एक इंटरनेटवाल्या कॉम्प्युटरसमोर यंत्रबाबा बसले होते. त्या काळी फोनवर फक्त बोलता यायचं. तीन महिन्यांपूर्वी बाहेरगावच्या लॅबनं वेबसाइट नवी केली आणि आमच्या म्हाताऱ्या ब्राउझरला ती झेपेना. रिपोर्टच्या जागी कोरं पान. बाबा आले की पान उघडायचं, गेले की पुन्हा कोरं.

"यंत्रात प्राण फुंकतो मी," बाबा सांगायचे. "कुणी बघितलं की प्राण लाजतो. फिरा तिकडे."

आज हेडक्लार्कच्या थोरल्या बहिणीचं अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. रक्त गोठण्याचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय सर्जनबाई सुरी लावायला तयार नव्हत्या. लॅबचा फोन लागत नव्हता. बाबांनी तीनदा फुंकलं. पान कोरंच.

"हेडक्लार्क, तुमच्या ताई शंका घेतायत."

"ती पोट धरून कण्हतेय हो बाबा. शंका घ्यायला तिला सवड कुठंय?"

तेवढ्यात सर्जनबाई आल्या. "सगळे भिंतीत काय शोधताय?"

"चमत्कार चाललाय," मी म्हणालो. "पाठीमागे."

मग टायपिस्ट मावशी बोलल्या. त्यांची खुर्ची दोन कपाटांत अडकलेली, वळायची नाही. त्यांना नुसते डोळे मिटायची सवलत होती. "डोळे मिटले की मला झोप लागते, म्हणून मी उघडेच ठेवते. रोज हे खिशातून पेनड्राइव्ह काढून त्यातलं काहीतरी चढवतात, जाताना उतरवतात. आज नुसतेच खिसे चाचपतायत."

"मावशी, तीन महिने गप्प का बसलात?" मी विचारलं.

"मला वाटलं, तोच विधी असेल."

हेडक्लार्कनी बाबांच्या झग्याचा खिसा उलटा केला. साबणाच्या लगद्यात भिजून निकामी झालेला पेनड्राइव्ह निघाला.

"बायकोनं झगा धुतला," बाबा पुटपुटले. तीन महिन्यांतलं त्यांचं हे पहिलं खरं वाक्य.

सर्जनबाईंनी त्यांना खुर्चीतून उठवलं आणि स्वतः बसल्या. "हा रोज चढवायचा त्याला प्लग-इन म्हणतात. जुन्या ब्राउझरच्या पोटात नवा बसतो. चौकट जुनी, आतलं काम नव्याचं. इंटरनेटवर फुकट मिळतो, कुणीही बसवावा. एकदा बसवला की राहतो. हा गृहस्थ रोज काढून नेत होता, म्हणून तुम्हाला रोज हा लागत होता."

सहा मिनिटांत रिपोर्ट उघडला. बाईंनी तो दोनदा वाचला. "रक्त गोठत नाहीये यांचं. अशीच सुरी लावली असती तर बाई हातची गेली असती. आधी रक्ताची सोय करा, पळा."

हेडक्लार्क पळाले. बाबाही पळाले, दुसऱ्या दाराने. ताई वाचल्या. त्यानंतरही दोन नर्सा मला हळूच विचारत होत्या, "पण थोडा तरी गुण होता ना हो त्यांच्या हातात?"

नव्हता. काम करण्याआधी जो तुम्हाला तोंड फिरवायला लावतो, त्याच्याकडेच तोंड करून उभे राहा. काय करतोस, कसं करतोस, आम्हाला शिकवशील का, असं सरळ विचारा. जाणकार असेल तर शिकवेल. भोंदू असेल तर तुमची श्रद्धा मोजत बसेल, आणि तेवढ्यात आत कुणाचा तरी जीव जाईल.