माझी गळती बंद झाली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुने मडके आहे. मला बघायचे असेल तर अंगणातल्या लिंबाच्या झाडापाशी या आणि खाली वाका. मी मानेपर्यंत मातीत पुरलेले आहे. वर दिसते ते फक्त माझे तोंड, तेही झाकणाखाली. ही शिक्षा नाही बरं का, ही माझी नोकरी आहे.

माझा जन्म एका कुंभारणीच्या चाकावर झाला. त्या दिवशी तिच्या हातून मातीत वाळू जरा जास्तच पडली. भट्टीतून निघाले तेव्हा मी दिसायला छान होते, पण पाणी भरले की मला अंगभर घाम फुटायचा. गिऱ्हाईक यायचे, टिचकी मारायचे, माझ्याखालची ओली फळी बघून नाक मुरडायचे आणि शेजारचे मडके घेऊन जायचे. दोन वर्षे मी दुकानाच्या कोपऱ्यात धूळ खात पडले होते.

मग एक नर्स आली. तिने सगळी मडकी भरायला लावली, थोडा वेळ वाट पाहिली आणि सगळ्यांत जास्त ओल्या झालेल्या मला उचलले. कुंभारणीला वाटले, उन्हाने बाईचे डोके फिरले.

पण नर्सताईचे डोके चांगले ठिकाणावर होते. त्या गावात नळाला पाचव्या दिवशी जेमतेम तासभर पाणी यायचे. झाडाला वरून बादली ओतली तर निम्मे पाणी उन्हातच उडून जाते. तिने मला रोपाशेजारी पुरले, भरले आणि झाकले. माती कोरडी झाली की माझ्या अंगातून पाणी ओढून घ्यायची, ओली असली की घ्यायची नाही. हळूहळू लिंबाची बारीक मुळे आली आणि मला बिलगली. तो स्पर्श मी कधी विसरणार नाही. आठवड्याला दोन बादल्यांत झाड चार वर्षांचे झाले आणि यंदा त्याला पहिल्यांदा फळे धरली. सात लिंबे. नर्सताई कामावरून आली की आधी ती मोजायची, मग चपला काढायची.

यंदा उन्हाळा फार कडक पडला. लांबच्या गावांत विहिरी आटल्या, घाण पाण्याने लोक आजारी पडले आणि नर्सताईला सोळा दिवसांसाठी तिकडे पाठवले. घरी तिचे वडील होते. चाळीस वर्षे त्यांनी नळदुरुस्ती केली होती. त्यांच्या खिशात कायम एखादा वॉशर असायचा, म्हणून सगळे त्यांना वॉशरकाका म्हणत. गळका नळ दिसला की त्यांना जेवण गोड लागायचे नाही. परक्याच्या घरी गेले तरी आधी मोरीत डोकावायचे.

नर्सताईने जाताना घाईत एवढेच सांगितले, की मडके दर तिसऱ्या दिवशी भरा आणि झाडाला वरून पाणी घालू नका. काकांनी पहिल्याच दिवशी मला काठोकाठ भरले. दुसऱ्या दिवशी झाकण उघडले, तर पाणी चार बोटे खाली. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मुलीला कुंभारणीने फसवले, अशी त्यांची खात्री झाली. तिला वाईट वाटेल म्हणून ते काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्यातले पाणी उपसले, मला दोन दिवस वाळू दिले आणि गळक्या टाक्यांना लावतात तो काळा लेप माझ्या आतून नीट दोन हात फिरवला.

मित्रांनो, माझा श्वासच कोंडला. पुन्हा भरले तेव्हा माझ्या पोटात गळ्यापर्यंत पाणी होते आणि बाहेर मुळे कोरडी पडत होती. दोघांमध्ये बोटभर जाडीची भिंत, आणि ती भिंत मीच. मुळांची पकड रोज थोडी सैल होत होती. माणसांचा जीव भांड्यात पडतो म्हणतात, पण भांड्याचा जीव कुठे पडायचा?

काका रोज झाकण उघडायचे आणि खूश व्हायचे. पाने वळू लागली तेव्हा त्यांना वाटले, ऊन लागते आहे. त्यांनी आपली चादर काढून झाडावर सावली केली. मग एक लिंबू गळाले, मग आणखी दोन.

बाराव्या दिवशी नर्सताईचा फोन आला. काका माझ्याजवळच उभे होते.

"मडकं काठोकाठ आहे," ते अभिमानाने म्हणाले. "आठ दिवसांत एक थेंब घालावा लागला नाही. गळती बंद केली मी."



"बाबा," ती म्हणाली, "ते मडकं गळण्यासाठीच आहे."

काकांचा गुडघा वाकत नाही. ते फोन ठेवून तसेच जमिनीवर आडवे झाले आणि त्यांनी मातीत बोट खुपसले. माती राखेसारखी भुरभुरली. मग त्यांनी घरातून भोके पाडायचे गिरमिट आणले, पाणी उपसले आणि कोपरापर्यंत हात माझ्यात घातला. मी तडकले असते तर सगळेच संपले असते. आयुष्यभर भोके बुजवलेल्या माणसाने माझ्या तळाशी एक बारीक भोक पाडले, त्यात सुताची वात घट्ट बसवली आणि पाणी भरले. थेंबथेंब पाणी बाहेर पडू लागले.

नर्सताई आली तेव्हा झाडावर मोजण्यासारखे काही उरले नव्हते. काकांनी तिला दारातच गाठले.

"मी पाणी वाचवलं गं," ते म्हणाले, "आणि झाड घालवलं."

ती रागावली असती तर बरे झाले असते. ती नुसतीच त्यांच्याशेजारी बसून राहिली.

या गोष्टीला आज नऊ दिवस झाले. मुळे अजून माझ्याकडे परतलेली नाहीत. येतील की नाही, मला माहीत नाही. मित्रांनो, पाणी जरूर वाचवा, थेंबन् थेंब वाचवा. पण ते कोणासाठी वाचवायचे, हेही विचारत जा. आणि आत्ता उठा, तुमच्या अंगणातल्या किंवा खिडकीतल्या झाडाच्या मातीत बोट घालून बघा. कारण आमच्यापैकी कोणालाच हाक मारता येत नाही.