पहिलं 'नको'

युनिव्हर्सिटीच्या अकाउंट्समध्ये नोकरी झाल्यामुळे मला माणसं जमा आणि नावे अशीच दिसतात. कोण किती कौतुक उचलतं आणि किती परत करतं, कोण दुसऱ्याच्या गाडीतून फुकट येतं आणि वर उतरताना दार आपटतं, हे माझ्या डोक्यातून जात नाही. या नजरेने बघितलं तर अमेरिकेत ॲन आर्बरच्या आमच्या सीनियर सेंटरमध्ये, म्हणजे ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रात, त्र्यंबकरावांइतका चोख माणूस नव्हता. कुणाचं काही अंगावर ठेवायचं नाही. स्वतःच्या दारातला बर्फ काढून झाला की शेजारणीच्या दारातलाही काढणार. तिने त्याबद्दल केक दिला, तर डबा परत करताना त्यात संत्री घालणार. म्हणजे ती पुन्हा यांचं देणं लागणार! सगळी नोकरी मोटारींची इंजिनं डिझाइन करण्यात गेलेली, आणि पंचाहत्तरी उलटली तरी पाठीचा कणा ताठ.

फक्त वर्षभरात शर्टाची कॉलर सैल झाली होती. लतावहिनी गेल्यापासून घरात जेवायला सकाळी दूध-सीरिअल आणि संध्याकाळीही दूध-सीरिअल. डॉक्टरांनी वजनावरून टोकलं, ते ह्यूस्टनला चारुताला, म्हणजे त्यांच्या मुलीला, कळलं आणि तिने निकाल देऊन टाकला. सेंटरवर जाऊन दुपारचं नीट जेवा, नाहीतर घर विकायचं आणि माझ्याकडे यायचं.

त्र्यंबकरावांना घर सोडायचं नव्हतं. म्हणून ते सेंटरवर यायला लागले. तरी वजन उतरतच राहिलं.

का, ते मला लवकरच कळलं. आमच्याकडे अन्न वाया जाऊ नये म्हणून प्लेटमध्ये आधी थोडंच वाढतात. मग डेनीस ट्रॉली घेऊन प्रत्येक टेबलाशी येते आणि विचारते, "आणखी?"

"नो, नो, थँक यू," त्र्यंबकराव प्लेटवर हात आडवा धरून म्हणाले.

"ओके," डेनीस म्हणाली आणि पुढे गेली.

यांचा हात प्लेटवर तसाच. ट्रॉली पार खिडकीपर्यंत पोचली तरी ते तिच्याकडे बघत होते.

"गेली की हो ही!"

"तुम्ही नको म्हणालात," मी म्हटलं.

"म्हणालो. म्हणणारच! पहिल्यांदा विचारल्यावर हो कोण म्हणतं, सुहासिनीबाई?"

"इथे सगळेच म्हणतात. ती आपल्या टेबलावरची नीना तर विचारायच्या आधीच म्हणते."

"नीनाचं सोडा. आपल्याकडे कसं, आधी नको म्हणायचं. पुन्हा विचारलं की अगदी थोडं. त्यानंतर मग काय वाढायचं ते वाढा. ही बाई पहिल्यावरच पळाली! काय ही वाढायची पद्धत!"

"कंपनीने प्रमोशन देऊ केलं तेव्हा आधी नको म्हणाला होतात का?"

"ते माझ्या कामाचं होतं. हे जेवण आहे." त्यांनी प्लेटवरचा हात काढला. "जेवण मागायचं नसतं."

मी चिडवायचं थांबवलं. लतावहिनींनी त्यांना कधी मागू दिलंच नव्हतं. त्यांचं 'नको' पुरतं तोंडातून निघायच्या आत त्या वाढून मोकळ्या व्हायच्या. असा माणूस 'हो' म्हणायला शिकणार कधी?

मी डेनीसला गाठलं. तीही आमच्यासारखीच रिटायर्ड. पूर्वी कोर्टात बसून साक्षीदारांचा शब्दन् शब्द टाइप करायची, आता हौसेने वाढते.

"त्यांना जरा पुन्हा पुन्हा विचारत जा," मी सांगितलं. "त्यांचं पहिलं 'नो' खरं नसतं."

"माझ्यासमोर माणूस 'नो' म्हणाला की मी 'नो'च टाइप करायचे," ती म्हणाली. "लोकांच्या मनातलं टाइप करत बसले असते तर अर्धं गाव तुरुंगात गेलं असतं."

"अगं, हे कोर्ट नाही, लंच आहे."

"असू दे. मोठा माणूस आहे तो. त्याने दिलेलं उत्तर मी मोजलंच नाही, तर त्याला विचारायचं कशाला?"

आमच्या घरी पाहुण्याने खरंच पोट भरलं म्हणून नको म्हटलं, तरी त्याला आणखी दोन पुरणपोळ्या खाल्ल्याशिवाय उठता येत नसे. तेव्हा त्याच्या उत्तराचं काय होत होतं, हा विचार मला कधी शिवला नव्हता.

ही सगळी हकीकत मी त्र्यंबकरावांना सांगितली. नको होती सांगायला.

"तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात?" त्यांचा चेहरा लाल झाला. "चमचाभर बटाट्यासाठी माझी शिफारस?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांची खुर्ची रिकामी. फोन केला की "उत्तम चाललंय" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे.

थँक्सगिव्हिंगला यायची ती चारुता त्याआधीच येऊन थडकली. बाबांना गाडीत बसवून थेट सेंटरवर घेऊन आली. शाळेत असल्यापासून मी तिला ओळखते. बाबा मराठीत बोलणार आणि ती अर्ध्याअधिक इंग्लिशमध्ये उत्तर देणार, हा त्यांच्या घरचा रिवाज.

"सुहासिनी मावशी, लुक ॲट हिम! शर्टच्या आत माणूसच नाहीये! घर विकायला उद्या रिॲल्टरला दाखवतेय. ही कान्ट मॅनेज अलोन."

"मी इथेच बसलोय," त्र्यंबकराव म्हणाले.

"आय नो, बाबा." आणि ती पुन्हा माझ्याशीच बोलायला लागली.

त्या दिवशी भाज्या आणि चीज घालून भाजलेला पास्ता होता. त्र्यंबकरावांची प्लेट केव्हाच साफ झाली होती. डेनीस ट्रॉली घेऊन आली.

"मिस्टर ट्रिंबॅक, बरं झालं आलात. आणखी?"

"ही विल से नो," चारुता म्हणाली. "जस्ट गिव्ह हिम सम." आणि तिने बाबांची प्लेट उचलून पुढे धरली.

डेनीसचा मोठा चमचा भांड्यातच राहिला.

"सॉरी, हनी. मी त्यांना विचारलंय."

नीनाचासुद्धा घास तोंडात थांबला. डेनीसला काही घाई नव्हती. साक्षीदार बोलेपर्यंत थांबायची सवय होती तिला.

त्र्यंबकरावांनी डेनीसकडे बघितलं, मग मुलीच्या हातातल्या स्वतःच्या प्लेटकडे. त्यांनी ती प्लेट हळूच काढून घेतली.

"येस," ते म्हणाले. मग प्लेट पुढे करून पुन्हा म्हणाले, "येस. आणखी हवंय. कडेचं द्या, जरा करपलेलं."

डेनीसने वाढलं. "आणखी?"

"येस."

माझ्याच घरचं कुणी स्टेजवर गेल्यासारखी माझी छाती फुगली. मी नीनाकडे अशा ऐटीत बघितलं, जसं काही हे सगळं मीच घडवून आणलं होतं.

त्यांनी एक घास खाल्ला, फोर्क खाली ठेवला आणि ते चारुताकडे वळले.

"घर विकायचं नाही. नको."

"बाबा, आपण हे लेटर बोलू."

"नंतर नाही. मी नको म्हणालो."

"आर यू शुअर? थोडा विचार करा, देन..."

"ही आन्सर्ड," ट्रॉली ढकलता ढकलता डेनीस म्हणाली. तिला मराठीचा एक शब्द येत नाही, पण साक्षीदाराचा सूर तिला कुठल्याही भाषेत कळत असावा.

चारुता खुर्ची वळवून बाबांसमोर बसली. मला वाटतं, या माणसाचं 'नको' तिने आजवर कधी ऐकलंच नव्हतं. आईनेही नाही, आणि मीही नाही.

"स्प्रिंगपर्यंत," शेवटी ती म्हणाली. "डॉक्टरचे रिपोर्ट्स मला डायरेक्ट आले पाहिजेत. वेट वाढलंच पाहिजे."

"वाढेल."

"रोज इथे यायचं."

"येईन. उद्या काय आहे, हेही विचारून ठेवतो."

तिने फोन काढला, रिॲल्टरची अपॉइंटमेंट कॅन्सल केली आणि डोळे पुसून फोन पर्समध्ये टाकला. तिच्या प्लेटमधला पास्ता संपला होता.

"तुला हवंय का आणखी?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"नो, बाबा. आय ॲम फुल."

"बरं," ते म्हणाले आणि पुन्हा आपल्या प्लेटकडे वळले.

चारुता वाट बघत राहिली. बाबा मजेत करपलेली कड चावत होते. तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

ट्रॉली खिडकीपर्यंत पोचली, तेव्हा तिने हात वर केला.

"एक्स्क्यूज मी, डेनीस?"