साहेबांनी केबल ओढली

आमच्या हॉस्पिटलात मी सर्व्हर सांभाळतो, तिथे माझ्या डोक्यावर एक स्टोरेजसाहेब आलेत. तोंड उघडलं की ज्ञान सांडतं, कामाच्या नावानं बोंब.

पेशंटचे स्कॅन ज्या डिस्कवर असतात, त्या सगळ्या डिस्कच्या पेटीला सर्व्हरपासून दोन केबल. एक गेली तर दुसरीवरून काम चालावं म्हणून. त्यामुळे सर्व्हरला एकच डिस्क दोन नावांनी दिसते. आधी दोन्ही वाटा एकत्र करायच्या, त्यांना मिळून एक नाव द्यायचं आणि तेच पूलला, म्हणजे सगळ्या डिस्क मिळून केलेल्या एकत्र साठ्याला, द्यायचं. एवढं साधं. साहेबांनी यादीतली पहिली नावं उचलली आणि पूलमध्ये कोंबली. म्हणजे दुसरी केबल नुसती शोभेला!

मी सांगायला गेलो, तर म्हणाले, "तू मला शिकवणार?" म्हटलं, बरं बाबा, घाल गोंधळ.

गुरुवारी अकरा वाजता संचालक यंत्रं बघायला आले. त्याच दिवशी तीन वाजता माझ्या ताईच्या मेंदूतली गाठ काढायची होती, आणि डॉक्टर ती पडद्यावर स्कॅन बघत काढणार होते. म्हटलं, तीनपर्यंत वेळ भरपूर आहे. आधी या शहाण्याची फजिती होऊ दे, मग मी पूल नीट बांधतो.

"बघा हं, केबल काढली तरी काही होत नाही," म्हणत साहेबांनी केबल ओढली. मी हाताची घडी घालून गालातल्या गालात हसत उभा. पूल ठप्प! साहेबांचं थोबाड अगदी बघण्यासारखं झालं. घाईघाईनं केबल परत खुपसली, तरी पूल ढिम्म.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. ऑपरेशन थिएटरमधली नर्स होती.

"पडदा बंद पडलाय! पेशंटचं डोकं उघडं आहे!"

"कोण पेशंट?"

"अहो, तुमच्या ताई. तीनची केस आम्ही दहालाच घेतली."

साहेबांना ढकलून मी सर्व्हर बंद करून परत चालू केला. सगळ्या डिस्कची नावं इकडची तिकडे झालेली, आणि तो मूर्ख पूल जुनीच नावं शोधत बसलेला. एकेक डिस्क ओळखून पूल उभा करायला बावीस मिनिटं गेली. तोवर डॉक्टरांनी धोका नको म्हणून ताईचं डोकं शिवून टाकलं होतं. अर्धी गाठ आतच राहिली.

संध्याकाळी वॉर्डाबाहेर दाजी भेटले. डोळे सुजलेले.

"चूक कुणाची रे?"

मी साहेबांचं नाव सांगितलं.

"तुला आधी काहीच कळलं नव्हतं?"

"नाही," मी म्हणालो.

दाजींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.