पोकळ वाजलेल्या सहा फरश्या

मी एक गुडघ्याची गादी बोलतेय, उजव्या गुडघ्याची. डावीसुद्धा आहे, पण ती मितभाषी. वर जाड रबर, आत फोम, मागे दोन पट्टे, एवढाच माझा देह. हार्डवेअरच्या दुकानात वर्षभर खिळ्याला लटकले आणि एके दिवशी फरश्या बसवणाऱ्या मिस्त्रींच्या पदरी पडले.

माणूस तोंडाने काहीही बोलो, गुडघा खोटं बोलत नाही. मिस्त्री खूश असले की तो अलगद टेकतो, चिडले की दाणकन आदळतो. शिवाय त्यांना काम करताना पुटपुटायची सवय, त्यामुळे त्यांच्या मनातलं मला सगळं ठाऊक. रोज डबा उघडण्याआधी ते माझ्यावरच टेकून प्रार्थना करत.

एकदा त्यांच्या चर्चच्या पाळकांनी त्यांना सांगितलं, येत्या शनिवारची प्रार्थनासभा तुम्ही चालवा. झालं! त्या दिवसापासून मिस्त्रींना जिकडे तिकडे सैतान दिसू लागला. स्कूटर पंक्चर झाली, सैतान. मुलीला ताप आला, सैतान. कटरचं पातं तुटलं, तोच. मी देवाच्या कामाला उभा राहतोय म्हणून तो आडवा येतोय, असं त्यांचं दिवसभर चाले. पातं दोन वर्षं जुनं होतं, पण मला कोण विचारतो?

तेव्हा एका निवृत्त शिक्षिकेच्या स्वयंपाकघराचं काम चालू होतं. बुधवारी सभेच्या तयारीला वेळेवर पोचायचं म्हणून मिस्त्रींनी शेवटच्या सहा फरश्यांखाली सिमेंटचा माल नीट पसरलाच नाही. चार कोपऱ्यांत चार गोळे टाकले आणि दाबून मोकळे झाले. गुरुवारी वाजवून पाहिल्या, तर सहाही पोकळ. एखादं जड भांडं पडायचा अवकाश, तडकल्याच असत्या.

"इथे फ्रीज येणार आहे, बाईंना काय कळतंय," मिस्त्री पुटपुटले. आणि लगेच, "असला माणूस प्रार्थना चालवणार? आतून पोकळ आहेस तू." दोन्ही वाक्यं त्यांच्याच तोंडची, पण त्यांची वाटेनात. गुडघा थरथरत होता. मला पहिल्यांदाच भीती वाटली.

संध्याकाळी त्यांची बायको माझा उसवलेला पट्टा शिवत बसली होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं आणि म्हणाले, पाळकांना नाही म्हणून कळवतो.

तिने सुई थांबवली. "अहो, सैतान आहे, मी नाही म्हणत नाही. पण ते गोळे त्याने नाही टाकले, तुम्ही टाकले. आपली चूक त्याच्या माथी मारू नका. तो आलाय तो आत्ता, तुमचं तोंड बंद करायला. अडवायचं तर इथे अडवा."

शुक्रवारी सकाळी मिस्त्री त्याच सहा फरश्यांवर टेकले. "प्रभू, चूक माझी आहे. क्षमा कर, आणि बाईंसमोर उभं राहायचं बळ दे." उठले आणि जाऊन सभेच्या घाईसकट सगळं सांगून टाकलं. बाईंनी त्यांना वर्गात उभं केल्यासारखं झापलं. देवाला अर्धवट काम चालतं असं कोणी शिकवलं, हेही विचारलं. मिस्त्रींनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि छिन्नी हातात घेतली.

शनिवारी शेवटची फरशी बसेपर्यंत सभेची वेळ झाली. मिस्त्री आम्हा दोघींना गुडघ्यावर तसंच घेऊन थेट प्रार्थनेला पोचले. मंडळी हसली. त्यांनी स्वतःला न वाचवता सहा फरश्यांची हकिगत सांगितली, मग हसू थांबलं. ते टेकले, तेव्हा मागे एकामागून एक गुडघे टेकल्याचे आवाज आले. आमचा गुडघा अगदी स्थिर होता. मला फार अभिमान वाटला.

आता माझं रबर झिजलंय, नवी जोडी घरात येऊन बसलीय. जाता जाता एवढंच मागते. अडचण आली की आधी आपली फरशी वाजवून बघा. पोकळ निघाली तर उचला. पण पोकळ निघाली म्हणून कोणी तुम्हाला प्रार्थनेवरून उठवू लागला, तर तसूभरही हलू नका.

तो ‘आतून पोकळ आहेस’ म्हणणारा आवाज मिस्त्रींना अजून येतो. कालच आला, भर कामात. त्या सहा फरश्या आठवतात का, म्हणाला. मिस्त्रींनी थापी थांबवलीसुद्धा नाही.

"आठवतात ना. माझ्याच हातच्या होत्या. प्रभूने मला माफ केलंय. आता बाजूला हो, फरशी ओली आहे."